वाचकांचे प्रश्न : "वंशभेद तिकडं अमेरिकेत, आपल्याकडं कुठंय?"

मागच्या अंकात मलिक अंबरवर पानभर मजकूर आला होता. इथिओपियात जन्मलेलं, गुलाम म्हणून हातोहात विकलं गेलेलं एक लेकरू पुढं निजामशाहीचा कारभारी कसं झालं आणि १६१० च्या सुमारास त्यानं खडकी कशी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. आम्हाला वाटलं लोक त्यानं बांधलेल्या नहरीबद्दल विचारतील, एवढ्या लांबून पाणी कसं यायचं वगैरे. पत्रं आली ती भलतीच. त्यातली चार घेतोय, नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी खुल्या गप्पा असतात, विषय कुणीही सुचवावा. तुमचा लेख वाचून एका पोरीनं वंशभेद हा विषय मांडला. पहिला अर्धा तास मस्त गेला, जॉर्ज फ्लॉईड झाला, नेल्सन मंडेला झाले, सगळे हळहळले. मग एकजण म्हणले की आपल्याकडं नाही ब्वा असलं काही, आपण सगळे एक. मागून एका सरांनी विचारलं, मग जातीचं काय? झालं. दोघं उठून गेले, एकजण म्हणायले इथं राजकारण आणू नका, आणि बाकीचे सगळे त्या सरांच्या तोंडाकडं बघायलेत की आता सांगा तुमचं काय ते. पुढच्या महिन्यात हाच विषय परत घ्यावा का? अर्धे म्हणायलेत सोडा, कामून उगं गावात वाईटपणा.
— एक निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : सर, सोडू नका. आणि खरं सांगू का, तुमची बैठक जातीचा विषय निघाल्यावर बिघडली नाही, त्याच्या आधीचा अर्धा तास जो मस्त गेला ना, घोळ तिथंच आहे. मिनियापोलिसच्या पोलिसानं २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉईड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, त्याबद्दल उदगीरात बसून हळहळायला काहीच लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही की उद्या बाजारात त्याची गाठ पडत नाही. मंडेला तर काय, सगळ्यांनाच आवडतात. दुसऱ्याच्या गावातल्या अन्यायावर आपण सगळेच शहाणे असतो.

पण मला तुमच्या पत्रात खरं खटकलं ते दुसरंच वाक्य. सगळे त्या सरांकडं बघायलेत. (ते सर दलित असावेत असं मी धरून चाललोय.) म्हणजे ज्यानं भोगलं त्यानंच उभं राहून सांगायचं, पुरावे द्यायचे, तेही आवाज न चढवता, आणि बाकीच्यांनी पटलं तर मान हलवायची. आपल्याकडं हे दरवर्षी होतं बघा, १४ एप्रिल आला की कॉलेजात दलित वक्ता शोधायला पळापळ, ६ डिसेंबरला परत तेच, आणि मधल्या काळात त्या माणसाला कुणी कवितेवर किंवा सोयाबीनच्या भावावर बोलायला बोलवत नाही. अमेरिकेतही २०२० नंतर ऑफिसा-ऑफिसात काळ्या सहकाऱ्यांना धरून 'आम्हाला समजावून सांगा' सुरू झालं आणि ते लोक पार वैतागले. वंशभेद काय असतो हे शिकायचंय तर तो करणाऱ्यांनी बोलायला पाहिजे, आणि करणारे म्हणजे आपणच, अगदी चांगल्या घरातले, वाचनालयात येणारे, तुमच्या-माझ्यासारखे.

म्हणून पुढच्या वेळी एक नियम लावा. कुणीही 'ते लोक' म्हणून वाक्य सुरू करायचं नाही, 'मी', 'माझ्या घरात', 'आमच्या गल्लीत' इथून सुरू करायचं, आणि काय सोसलं ते नाही, काय केलं किंवा काय बघून गप्प बसलो ते सांगायचं. सोसलेलं सांगायचं का नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्याला कुणी विचारायचं नाही. सुरुवात तुम्ही करा सर, तुमच्याशिवाय कुणी तोंड उघडणार नाही. मग बघा काय काय निघतं. मोमोच्या गाड्यावरच्या पोराला 'ए चिनी' म्हणून हाक मारलेली निघेल, तो पोरगा बहुतेक आसामचा किंवा दार्जिलिंगचा, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय. (२०१४ च्या जानेवारीत दिल्लीत नीडो तानिया नावाच्या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून चेष्टा झाली, त्यातून मारामारी आणि त्यात तो गेला, सुरुवात चेष्टेनंच झाली होती.) विद्यापीठात शिकायला आलेल्या आफ्रिकेतल्या पोरासोबत न विचारता काढलेला सेल्फी निघेल. फॅमिली ग्रुपवर पुढं ढकललेला जोक निघेल.

कुणीतरी म्हणेलच की आम्ही प्रेमानं म्हणतो हो. तेव्हा त्यांना डॅरेन सॅमीचं सांगा, क्रिकेट निघालं की पोरं सावध होऊन ऐकतात. वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकून देणारा हा कॅप्टन, आयपीएल खेळताना टीममधले काहीजण त्याला 'कालू' म्हणायचे आणि तो बिचारा समजायचा की तगडा घोडा असं काहीतरी कौतुकाचं आहे. अर्थ कळला २०२० मध्ये. त्यानं काय केलं, तर कुणाचं नाव न घेता जाहीरपणे म्हणला की ज्यांनी म्हणलं त्यांनी माझ्याशी बोला. त्यातल्या एकाशी बोलणं झालं, त्यानं सांगितलं की मनात प्रेमच होतं, आणि सॅमीनं ते मान्यही केलं. पण एवढी वर्षं हसणारे हसत होते आणि ज्याच्यावर हसत होते त्याला पत्ताच नाही, यावर तुमच्या बैठकीत अर्धा तास सहज जाईल, आणि तो अर्धा तास आधीच्या अर्ध्या तासापेक्षा कामाचा असेल.

आता जातीचं. त्या सरांनी विचारलं ते विषयाला सोडून अजिबात नव्हतं. या मातीत ही दोन नावं एकत्र घ्यायची सवय दीडशे वर्षं जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, की तुमच्या लोकांची आणि आमच्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास करणं आम्हाला भागच आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडं तिकडच्या काळ्या संघटनेनं दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. डुबॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, ते नाव तर सरळ अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून.

पण म्हणून दोन्ही एकच असंही नाही, आणि इथं घाई करू नका. जात म्हणजे वेगवेगळे वंश, ही थिअरी बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये खोडून काढलीय, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातलाच दलित एकाच वंशाचे, मद्रासच्या ब्राह्मणाशी पंजाबच्या ब्राह्मणाचं वंशाचं काही नातं नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. नंतर २००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली तेव्हा आपल्या सरकारनं म्हणलं जात म्हणजे वंश नाही, तो विषय इथं नको, आणि दलित संघटनांनी म्हणलं की जन्मावरून माणसाला खाली ढकलणं दोन्हीकडं सारखंच आहे, तर नको कसा. मला स्वतःला संघटनांचं पटतं. बाबासाहेबांचा मुद्दा वेगळा होता, जातीला रक्ताचा आधार नाही हे त्यांना दाखवायचं होतं, परिषदेतून विषय बाहेर काढायला तो वापरणं म्हणजे जरा अतीच. पण तुमच्या बैठकीत दोन्ही बाजू वाचून दाखवा आणि भांडू द्या लोकांना. एकमत व्हायलाच पाहिजे असं काही नाही.

आणि ते 'राजकारण आणू नका' म्हणणारे. त्यांना शांतपणे एवढंच विचारा की १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली, नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आपण त्याच मराठवाड्यात बसलोय, तर राजकारण सोडून बोलायचं म्हणजे नेमकं काय सोडून बोलायचं?

बाकी बारीकसारीक. पंधरा-वीसच्या वर माणसं नकोत. फोटो, व्हिडिओ, ग्रुपवर टाकणं बंद. पाहुणा म्हणून कुणा आफ्रिकन विद्यार्थ्याला बोलवून पुरणपोळी खाऊ घालायचा मोह होईल तो आवरा. 'जात्याच ताकदवान', 'जात्याच हुशार' असलं कुणी बोललं तर सांगा की कुठल्याही दोन माणसांचा डीएनए ९९.९ टक्के सारखा असतो आणि जो थोडा फरक उरतो त्यातला बहुतेक एकाच समाजाच्या आत सापडतो, दोन समाजांच्या मधला फारच थोडा, हे निदान १९७२ पासून माहीत आहे. आणि जे दोघं उठून गेले त्यांच्या घरी चहाला जा. पटवायला नका जाऊ, नुसतं या म्हणून सांगायला जा.

प्रश्न : आमचं घर विद्यापीठाच्या बाजूला आहे, वरच्या दोन खोल्या आम्ही पोरांना भाड्यानं देतो. मागं दोन आफ्रिकन पोरं विचारायला आली, चांगली होती, नमस्कार करून बोलली, पण गल्लीतल्या बायका म्हणायल्या की नको, ते लोक ड्रग्ज विकतात, रात्री धिंगाणा घालतात, पोरीबाळींचं घर आहे. मी मग खोली गेली म्हणून सांगितलं. खोली अजून रिकामीच आहे. तुमचा लेख वाचल्यापासून मनाला लागून राहिलंय. मी काय वाईट बाई आहे का?
— एक घरमालकीण, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मावशी, तुम्ही वाईट आहात का नाही हे मी कोण सांगणारा, पण जे झालं तो वंशभेदच होता, त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. वंशावरून खोली नाकारली म्हणून खाजगी घरमालकाला थेट धरणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडं नाही, तेव्हा पोलिसाची भीती नको. पण बीडहून किंवा हिंगोलीहून पोरगं आलं असतं तर तुम्ही काय विचारलं असतं? कॉलेजचं आयडी, आधार, डिपॉझिट, रात्री किती वाजता येणार. तेच या पोरांना विचारायचं, आधारच्या जागी पासपोर्ट आणि व्हिसा. परदेशी भाडेकरू ठेवला की त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते, ते काम लगेच करायचं असतं, कॉलेजचं ऑफिस किंवा पोरं स्वतः मदत करतात. अकरा महिन्यांचा करार करा, नियम लिहून द्या. कुणी धिंगाणा घातला तर काढा, कुठल्याही पोराला काढाल तसं.

गल्लीतल्या बायका वाईट आहेत असंही माझं म्हणणं नाही. ऐकीव गोष्टींचा जोर किती असतो ते बघा, २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा गेला, ड्रग्जचा संशय होता, लोकांनी शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर आळ घेतला, माणसं खातात इथपर्यंत अफवा गेली, आणि काही दिवसांत जमावानं मॉलमध्ये शिरून आफ्रिकी विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी मारलं. हाताला पुरावा लागत नसला की माणूस कातडीच्या रंगावर घसरतो, हे बादशहालाही चुकलेलं नाही. जहांगीरला मलिक अंबर आयुष्यात कधी सापडला नाही, म्हणून त्यानं आपल्या आठवणींत अंबरच्या काळेपणावरून शिव्या लिहिल्या आणि अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. अंबर तर १६२६ पर्यंत जगला, चांगला म्हातारा होऊन गेला, खुलताबादला कबर आहे. त्यानं मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेलं भडकल गेट तुमच्यापासून काही लांब नाही, जयंतीला तुम्ही तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी कितीदा गेला असाल. शहर ज्यानं वसवलं त्याच्या मुलखातल्या पोरांना त्याच शहरात खोली मिळत नाही, मला तर हसावं का रडावं कळत नाही.

एक करा. हळदीकुंकवाला नाहीतर असंच दुपारी त्या चार-पाच जणींना घरी बोलवा आणि विचारा की ड्रग्ज, धिंगाणा हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कुठं बघितलं? ज्यांनी बघितलं त्यांचं नीट ऐकून घ्या. बहुतेक जणींनी जावेकडून नाहीतर मोबाईलवर ऐकलेलं असेल, आणि ते त्यांच्याच तोंडून निघू द्या, तुम्ही लेक्चर देऊ नका. पोरांना त्या बैठकीत बोलवायचं नाही, ती काही परीक्षा द्यायला आलेली नाहीत. नंबर असेल तर आधी त्यांना फोन करा, कारण खोली मिळाली नसेल तर सेमिस्टरच्या मधे त्यांचे हाल चालू असतील.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला घरात सगळे काळीच म्हणतात, लाडानं पण आणि रागानं पण. मावशी आली की हळद-बेसन लावतेस का विचारते. मी म्हणलं हा रेसिझम आहे तर दादा म्हणला रील बघून डोकं फिरलंय तुझं. कोण बरोबर?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : दादा बरोबर नाही. तू पण पूर्ण बरोबर नाहीस, कारण वंशभेदात अख्ख्या समाजाला घर, नोकरी, कोर्ट सगळीकडं मागं ठेवतात, आणि तुझ्या घरात एकाच आईच्या लेकरांत रंगावरून डावं-उजवं चाललंय. पण गोरं ते चांगलं हा हिशोब दोन्हीकडं तोच आहे, म्हणून तुला तसं वाटणं चुकीचं नाही. कातडीचं शास्त्र तर एवढंसंच आहे, जिथं ऊन जास्त तिथं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त, ते उन्हापासून शरीरातलं फोलेट नावाचं व्हिटॅमिन वाचवतं, आणि जिथं ऊन कमी तिथं व्हिटॅमिन डी तयार व्हावं म्हणून कातडी फिकी. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन बघता तुझी कातडी हुशार आहे एवढंच मी म्हणीन. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातलं फेअर काढलं, त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनं रंगावरून स्थळ शोधायचं बटण काढलं, आणि आपल्या बायोडेटात 'वर्ण : गोरा' अजून आहेच. दादाशी वाद घालत बसू नको. आईला एकटीला गाठ, मावशी नसताना, आणि नेमकं सांग की मला अमुक दिवशी अमुक बोललेलं लागलं. 'तुम्ही सगळे नेहमीच' असं सुरू केलंस की ती मावशीची बाजू घेणार. आणि दादाच्या लग्नाचा बायोडेटा निघेल तेव्हा ती वर्णाची ओळ कापायचं काम तू घे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. एका रविवारी सांगतो की दुकानात एक गोरा त्याला म्हणला, आपल्या देशात परत जा, लई वाईट वाटलं म्हणाला. पुढच्याच रविवारी म्हणतो, घर बघायला गेलो होतो, पण काळ्यांची वस्ती जवळ आहे म्हणून नको, ते लोक कामच करत नाहीत. मी म्हणलं अरे हे दोन्ही एकाच तोंडानं कसं बोलतोस, तर फोन ठेवला. आता काय बोलावं?
— एक वडील, परभणी

उत्तर : काका, तुम्ही बोललात ते बरोबरच होतं, पण कॉलवर सगळ्यांसमोर बोललात असं दिसतंय. त्याला एकट्याला फोन करा आणि वाद न घालता दोन गोष्टी सांगा, आपल्याच लोकांच्या आहेत म्हणून ऐकेल.

पहिली, भगतसिंग थिंड. पंजाबचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तेव्हा तिथं नागरिकत्व गोऱ्यांना मिळायचं (१८७० नंतर आफ्रिकी वंशाच्यांनाही), आशियातल्या माणसाला नाही. थिंडनं कोर्टात काय म्हणलं, तर मी उच्च जातीचा आर्य, म्हणून गोऱ्यांतच मोजा. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, तुम्ही नाही. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कितीतरी भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं. गोऱ्यांच्या रांगेत उभं राहून बघितलं आपण, त्यांनी बाहेर काढलं. दार खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो आला काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या मागोमाग, १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, त्याच लाटेत देशावरून कोटा ठरवणं बंद झालं. मार खाल्ला त्यांनी, तुरुंगात गेले ते, आणि तुमच्या मुलाचा व्हिसा त्या वाटेवरून आलाय.

दुसरी गोष्ट घराची, कारण तो घरच बघतोय. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे करून काळ्या वस्त्या लाल रंगानं दाखवल्या, म्हणजे इथं कर्ज देणं धोक्याचं. पगारदार, कष्टाळू माणूस असला तरी त्या वस्तीत कर्ज मिळायचं नाही, आणि गोऱ्या वस्तीत त्याला घर विकायचे नाहीत. कायद्यानं बंदी आली १९६८ मध्ये. मधल्या दोन पिढ्यांत गोऱ्या कुटुंबांची घरं वाढत्या किमतीनं पोरांना मिळाली आणि यांना मिळालं भाड्याचं बिऱ्हाड, तिथल्या शाळाही घरपट्टीवर चालतात म्हणून शाळाही गरीब. आता वस्ती बघून 'कामच करत नाहीत' म्हणणं म्हणजे धरणात जमीन गेलेल्या माणसाला विचारणं की तू पेरणी का केली नाहीस.

हे सगळं एकाच फोनवर ओतू नका. आधी त्या दुकानातल्या गोऱ्याबद्दल विचारा, काय झालं, तू काय बोललास, बाजूला कुणी होतं का, कुणी मधे पडलं का. त्याला बोलू द्या पोटभर, पोरगं परदेशात एकटं आहे, ते लागलेलं खरं आहे आणि त्याच्याकडून कुणी ते नीट ऐकून घेतलेलं नसणार. मग पुढच्या रविवारी थिंडचं सांगा. घराचं तिसऱ्या रविवारी. आणि हे दिवाळीच्या आत उरका, दिवाळीच्या कॉलवर मामा-काका सगळे असतात, चारचौघांत तो माघार घेणार नाही.